उघडी फळी

माझ्या थोरल्याला फळी खाली टाकायची सवय नाही. आमच्या लाँड्रीचं काउंटर रस्त्याकडे तोंड करून आहे आणि त्याच्या एका टोकाला बिजागरीवर उचलायची फळी आहे. घरचं माणूस ती उचलून आत येतं, गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. आत आलं की फळी खाली टाकायची, एवढंच काम. शेंबडं पोरसुद्धा शिकतं. पण हा प्रोफेसर झाला, कानामागचे केस पिकले, तरी दर रविवारी कपड्यांचं गाठोडं काखोटीला मारून येतो, फळी वर करतो आणि तशीच उघडी टाकून आत शिरतो. मग बापाच्या स्टुलावर बूड टेकवतो आणि म्हणतो, "आई, चहा टाक." जसं काही झालंच नाही.

काय झालं ते सांगते, म्हणजे मी एका फळीवरून एवढी का तापते ते कळेल.

लाँड्री विद्यापीठाच्या दारासमोर आहे. माझ्या नवऱ्याने ती टाकली तेव्हा इस्त्री कोळशाची होती आणि दारावर पाटीही नव्हती. आता विद्यापीठातले निम्मे साहेब आमचे. कोणाची कॉलर किती मळते, कोणाच्या खिशात कसल्या चिठ्ठ्या निघतात, सगळं मला ठाऊक, पण या तोंडाने ते कधी बाहेर काढलं नाही. पदवीदानाचे काळे झगेही दर वर्षी आमच्याकडेच येत. धुऊन, इस्त्री करून रांगेने टांगले की वाटे, सगळी विद्वान मंडळी मुंडकी घरी विसरून आमच्याकडे उभी आहेत.

त्याच झग्यांखाली पोतं अंथरून थोरला अभ्यास करायचा. शिकला, आणि त्याच विद्यापीठात शिकवायला लागला. भूगर्भशास्त्र म्हणतात त्याला. मी दगडांचा विभाग म्हणते. लोक विचारत, मुलगा काय शिकवतो? मी म्हणे, दगड. समोरच्याला हसू आलं की विचारी, तुमचा मुलगा काय करतो? मग हसू जिरायचं.

आमच्या धंद्यात एकच नियम आहे. गिऱ्हाईकाचा कपडा आपल्या अंगाला लावायचा नाही. आरशासमोर नुसता धरूनही बघायचा नाही. थोरल्याला नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं, त्या सकाळी त्याचा एकुलता एक बरा सदरा ओला होता. दुकानात पांढऱ्या शुभ्र सदऱ्यांची रांग लटकत होती, त्यातले दोन-चार तर त्याच्या मापाचेच असतील. माझ्या नवऱ्याने तिकडे वळूनही पाहिलं नाही. तो ओला सदरा त्याने इस्त्रीने वाळवला. वाफेने हात भाजला, तरी थांबला नाही. पोरगा दमट सदऱ्यात गेला आणि नोकरी घेऊन आला. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. थोरल्याला तर जास्तच, सदरा त्याच्याच पाठीला चिकटला होता.

आता मुंगीचं सांगते. मुंगी माझ्या लेकीची लेक. लेक गेली तेव्हा पोर एवढीशी होती, मी घेऊन आले. सदा काहीतरी उचलून चाललेली, म्हणून मुंगी. माझा नवरा शेवटी अर्धांगाने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चमच्याने पाजायचं, हे सगळं तिने केलं. घरी यायची ती नर्स मला म्हणाली, "आजी, हिच्या हाताला कळतं. हिला आमच्यात पाठवा." तेव्हापासून पोरीने मनात धरलं होतं. शाळा संपली आणि नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं. ती नाचली वगैरे नाही. नुसती दिवसभर चादरींच्या घड्या फार बारकाईने घालत राहिली.

नेमक्या त्याच वर्षी विद्यापीठाने नवा नियम काढला. ज्या विभागात पंधरा नवे विद्यार्थी येणार नाहीत, तो विभाग बंद. मास्तर कायमचे असले तर त्यांना दुसरीकडे कामाला लावायचं. दगडांकडे आधी पोरांची रीघ असे, पण हल्ली सगळ्यांना कॉम्प्युटर हवा. थोरल्याला अन्न गोड लागेना.

मी म्हटलं, "तुझी नोकरी जात नाही ना?"

"नाही गं. पण विभाग जातो."

"दगड कुठे पळून जातायत? आहेत तिथेच राहतील."

तो हसला नाही. त्याला त्या विभागाची माया होती, हे मी नाकारत नाही. पण आपल्या मायेच्या चुलीला सरपण दुसऱ्याच्या घरून आणू नये.

त्याने मुंगीला मागच्या मोरीवर गाठलं. ती चादरी पिळत होती. काय बोलला ते मला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा नर्सिंगला हजर व्हायची तारीख उलटून गेली होती. पोर दगडांच्या विभागात नाव घालून आली होती.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी थोरल्याला विचारलं.

"तू ओरडली असतीस."

"ओरडण्यासारखं आहे हे कळत होतं ना, मग केलंस कशाला?"

"आई, एकच वर्ष. चौदा जमले होते, एक कमी पडत होता. पुढच्या वर्षी मी स्वतः तिला नर्सिंगला घेऊन जातो."

"आणि पुढच्या वर्षी पंधरावा कोण? मी येऊ? दगड मला चांगला ओळखता येतो. एक तर पोटी जन्माला घातलाय."

मुंगी मध्ये पडली. "जाऊ दे ना, आजी. मामा कधी काही मागत नाही. पहिल्यांदा मागितलं."

पोरीला वाढवलं मीच, दिलेलं परत घ्यायचं नाही हे शिकवलंही मीच.

मग ती रोज रस्ता ओलांडून जायला लागली. दोनच सलवार-कमीज, पण रोज कडक इस्त्रीचे. वर्ग म्हणजे एक लांबोडकी खोली, भिंतीला काचेची कपाटं, कपाटांत खण, आणि खणाखणांत नावं चिकटवलेले दगड. पंधरातले रोज येणारे मोजके. बाकीच्यांनी प्रोफेसरांच्या भिडेखातर नाव घातलं होतं आणि ते आपापल्या कॉम्प्युटरकडे पसार झाले होते. वसतिगृहातल्या दोन मुलींशी मुंगीची गट्टी जमली. तिघींत एक चहा घेत आणि जिन्याखाली बसून वाचत. आणि एक गंमत झाली. पोरीला दगड आवडायला लागले.

एकदा वर्गातून एक चपटा दगड बघायला म्हणून घेऊन आली. त्याच्या अंगावर पाण्याच्या लाटांसारख्या वळ्या होत्या. माझं बोट त्यावरून फिरवून म्हणाली, "आजी, हा आधी चिखल होता. नदीकाठचा. वरून पाणी गेलं, त्याच्या खुणा राहिल्या आणि मग तो असाच घट्ट झाला."

"तुझ्या मामाचं उलटं आहे," मी म्हटलं. "चांगल्या घट्ट गोष्टीचा चिखल करतो."

ती हसली. वर्षभरात मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, चला, हेही काही वाईट नाही. नर्स नाही तर मास्तरीण होईल.

मग विद्यापीठातून तपासणी निघाली. कागदावरची पोरं खरोखर बाकावर बसतात का, ते डोकी मोजून बघायचं होतं, आणि मोजायला रजिस्ट्रार साहेब स्वतः येणार होते. त्याच सुमारास माझा मोतीबिंदू काढला होता आणि मी डोळ्याला पट्टी बांधून आतल्या खोलीत पडून होते. सकाळी दुकानात हँगर वाजले. हँगरचा आवाज मला झोपेतही कळतो. एक कपडा काढला तर एकदाच टिणकन होतं. इथे नुसती लूट चालल्यासारखं वाजत होतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मीच, आई," थोरला म्हणाला. "गिऱ्हाईक आलंय."

"इतकी गिऱ्हाइकं? एकदम?"

"तू पड गं. डोळ्याला ताण देऊ नकोस."

दुपारी आमचा लांब्या माझ्या खाटेपाशी येऊन उभा राहिला. लांब्या आमचा इस्त्रीवाला. इतका उंच की टेबलावर वाकून वाकून त्याची पाठच कमान झाली आहे. म्हणाला, "मावशी, ओरडू नका. आधी सगळं ऐका."

"असं म्हणणाऱ्यावर मी हटकून ओरडते. बोल."

"सकाळी प्रोफेसर साहेब आले. मला, सायकलवर कपडे पोचवणाऱ्याला आणि त्याच्या दोस्तांना घेऊन गेले. म्हणाले, बाकावर बसायचं, वहीत मान घालायची, एका तासाचं काम आहे. मी म्हटलं, या मळक्या कपड्यांत? तर त्यांनी दांडीवरचे शर्ट काढून दिले."

"गिऱ्हाइकांचे."

"हो."

"आणि तू घातलास."

"मालकांच्या मुलाने दिला, मावशी. नाही कसं म्हणू?"

तो पुढे सांगायला लागला. रजिस्ट्रार साहेब बाकांच्या मधून चालत आले. लांब्यापाशी आले आणि थांबले. त्याच्या खिशाकडे बघत राहिले. इथे मला सांगितलं पाहिजे की मागच्याच आठवड्यात रजिस्ट्रार साहेबांच्या पांढऱ्या शर्टात पेन गळलं होतं. लिंबू, मीठ, माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं मी लावून पाहिलं. खिशाखाली नखाएवढा फिका निळा ठिपका राहिलाच. मी त्यांना म्हटलंही होतं, साहेब, डाग गेला नाही, पण लाजला आहे, आणखी एकदा धुऊन देते.

"साहेबांनी विचारलं, काय शिकतोस?" लांब्या म्हणाला. "मी म्हटलं, दगड. मग म्हणाले, आणि हा शर्ट? माझी तर बोबडीच वळली, मावशी. तोंडातून निघून गेलं, तुमचाच आहे साहेब, सोमवारी मिळेल."

तो हसायला लागला. मग माझ्याकडे बघून थांबला.

"पुढे," मी म्हटलं.

"पुढे साहेबांनी एकेकाला उठवलं. वसतिगृहातल्या मुलींना ते ओळखत होते, त्यांना बाजूला केलं. मग मुंगी आपणहून उभी राहिली. म्हणाली, सर, मी रोज येते. साहेब म्हणाले, तू आमच्याकडे कपडे घेऊन येतेस ना? ती म्हणाली, हो सर, वर्ग सुटल्यावर."

"मग?"

"मग ते प्रोफेसर साहेबांकडे वळले. नीटच बोलले हो, चढा आवाज नाही. म्हणाले, यातले तुमचे खरे कोण आहेत, तेवढे सांगा. त्यांचं मी बघतो."

"आणि हा काय म्हणाला?"

लांब्या पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. "म्हणाले, सगळेच खरे आहेत."

"मुंगी?"

"ती त्यांच्याकडेच बघत होती, मावशी. ते कपाटाकडे बघत होते."

पट्टीखाली डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. मी येऊ दिलं नाही.

विभागाला कुलूप लागलं. वसतिगृहातल्या मुलींना दुसऱ्या विभागांत घेतलं. मुंगीचं नाव कापलं, प्रोफेसरांची भाची, आकडा भरायला आणलेली म्हणून. कपाटं दुसऱ्या कोणाला दिली आणि खणांतले दगड मागच्या आवारात कुंपणाशी ओतले. मुंगी जाऊन तेवढा एक वळ्यांचा दगड शोधून घेऊन आली. थोरल्याला काय झालं म्हणाल, तर काही नाही. त्याला कडक शब्दांत समज दिली आणि प्रवेशाच्या ऑफिसात बसवलं. कायमची नोकरी. खुर्ची तेवढी बदलली.

डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मी रजिस्ट्रार साहेबांचा शर्ट पुन्हा धुतला, मीच इस्त्री केला आणि स्वतः घेऊन गेले. त्यांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बरीच पोरं बसली होती, मला आधी सोडलं. माझ्या वयाला निदान एवढा मान उरला आहे.

"बाई, तुम्ही कशाला आलात?" साहेब म्हणाले. "पाठवून द्यायचा."

"तुमच्या कपड्याची बेअदबी झाली माझ्या दुकानातून. ती निस्तरायला माणूस पाठवत नाहीत, साहेब."

त्यांनी शर्ट घेतला, खिशाखाली बघितलं. "अजून फिका झालाय."

"पोरीचं काही होईल का?" मी विचारलं. "तिला सगळं येतं. विचारून बघा. दगडाला हात लावून सांगेल कुठला आहे तो."

ते बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. सरळच होता तो. मग म्हणाले, "बाई, ती रोज येत असेल हे मला त्या दिवशीच वाटलं होतं. म्हणून तर मी तुमच्या मुलाला विचारलं. त्यांनी तिच्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं, तरी तिला मी कुठल्याही विभागात घेतलं असतं. पण ते म्हणाले, सगळे खरे. माझाच शर्ट घालून बसलेला माणूससुद्धा खरा. मग मी वर काय लिहून पाठवणार? लिहिलं, वसतिगृहातल्या दोघी सोडून सगळे खोटे. आता तो निर्णय वरून पक्का होऊन आलाय. माझ्या हातात नाही."

वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याला चार शिव्या घालून हलकी होऊन घरी आले असते.

मग आम्ही दोघी नर्सिंगला गेलो. खिडकीतल्या बाईने कागद बघितले आणि परत सरकवले. तिथेही नवा नियम आला होता. शाळा संपल्याच्या वर्षीच यायचं, मध्ये खंड पडला तर घेत नाहीत. मुंगी म्हणाली, "ठीक आहे." त्या बाईला वर "थँक्यू" पण म्हणाली. परतीच्या वाटेवर माझा हात धरून चालत होती, मला अजून नीट दिसत नाही म्हणून. तिचा हात गार पडला होता. तो मी घर येईपर्यंत घट्ट धरून ठेवला.

आता ती दुकानातच असते. लांब्याशेजारच्या टेबलावर इस्त्री करते. नर्सिंगच्या मुलींचे पांढरे गणवेश आमच्याकडे येतात, गठ्ठेच्या गठ्ठे. ते तीच करते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. कॉलर, बाह्या, मग पाठ, आणि खिसा सगळ्यात शेवटी. कधी अंगाला लावून बघत नाही. नियम आहे ना. मला वाटतं, एकदा तरी बघावं तिने, मी पाठ फिरवीन. पण ती बघत नाही. तो वळ्यांचा दगड तिच्या टेबलाच्या कडेला असतो. काम थांबलं की बोट त्यावरून फिरवते आणि पुढचा गणवेश ओढते.

या रविवारीही थोरला आला. फळी वर, गाठोडं खाली, बूड स्टुलावर.

"आई, चहा टाक."

मी जागची हलले नाही. तो मुंगीकडे वळला. गोड आवाज काढला. चूक केली की त्याला असाच आवाज फुटतो, लहानपणापासून.

"काय मुंगे, मामावर रुसलीस? अगं, मी आता प्रवेशाच्याच ऑफिसात आहे. पुढच्या वर्षी कुठेतरी बसवून टाकू तुला."

"हो मामा," ती म्हणाली. मान खालीच होती. इस्त्री मात्र गणवेशावर थांबली. करपल्याचा वास येईपर्यंत थांबली नाही, तेवढं तिचं भान सुटत नाही, पण थांबली. लांब्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मी उठले. थोरल्याचं गाठोडं उचललं आणि काउंटरवर रस्त्याच्या बाजूला नेऊन ठेवलं.

"ऊठ," मी म्हटलं. "त्या स्टुलावरून ऊठ आणि बाहेर हो."

"आई, काय हे? लोक बघतायत."

"बघू देत. त्या दिवशी वर्गातही बघतच होते."

तो उठला. मी काय करते आहे ते त्याला कळलं नव्हतं, म्हणून थोडं हसत हसतच बाहेर गेला. मी फळी खाली टाकली. आयुष्यभर ती त्याच्या मागे मीच टाकत आले, पण तो पलीकडे असताना कधी टाकली नव्हती. मग रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं.

"नीट ऐक. विभाग वाचवायला तू खोटी माणसं बसवलीस, ते मी एक वेळ पोटात घातलं असतं. गिऱ्हाइकांचे कपडे लोकांच्या अंगावर चढवलेस, तुझ्या बापाने जन्मभर जपलेलं एका सकाळीत धुळीला मिळवलंस, तेही माझं मी निस्तरून आले. पण पोर उभी राहून तुझ्या तोंडाकडे बघत होती आणि तू कपाटाकडे बघत होतास. बोट दाखवायचं होतं, नुसतं बोट. ते उचललं नाहीस. तिने तुझ्यासाठी काय सोडलं होतं, ते तुला ठाऊक होतं, तरी नाही. तेव्हा आता या घरात तुझ्यासाठी चहा नाही आणि तुझ्या बापाचं स्टूल नाही. कपडे मात्र आण. धुऊ, इस्त्री करू, डाग असेल तर काढू, नाही निघाला तर तसं सांगू. गिऱ्हाईकाला आम्ही कधी वाईट वागवलं नाही, तुलाही वागवणार नाही. पण फळीच्या बाहेर उभं राहून टाकायचे आणि बाहेरूनच न्यायचे. हे ठेवून जा. बुधवारी मिळतील."